व्यक्तिगत व्यासपीठ आणि लोकोपकार : गाडगेबाबांच्या कीर्तनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयेतिहासात गाडगेबाबांचे स्थान नेमके कोठे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आपल्या समीक्षेने अद्याप दिलेले नाही. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, अभंग रचला नाही, आपल्या नावाचा संप्रदाय काढला नाही. परिणामी संतसाहित्याचे अभ्यासक त्यांना समाजसुधारकांकडे सोपवतात आणि समाजसुधारणेचे इतिहासकार त्यांना संतांच्या रांगेत नेऊन बसवतात. दोन्हीकडे त्यांच्याविषयी आदर पुष्कळ आहे. परंतु त्यांनी आयुष्यभर ज्या एका माध्यमाचा वापर केला, त्या कीर्तनाची वाङ्मयीन अंगाने तपासणी मात्र क्वचितच होते. झालीच तर ती अंधश्रद्धानिर्मूलनाच्या संदर्भात होते, आणि कीर्तनातील चार चुरचुरीत उदाहरणे देऊन संपते.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून थोडा वेगळा आहे. गाडगेबाबांच्या शब्दावर महाराष्ट्रात धर्मशाळा, घाट, सदावर्ते, गोरक्षण, विद्यार्थिवसतिगृहे अशी कामे उभी राहिली. त्यासाठी लागलेला पैसा थोडाथोडका नव्हता. तो कोणत्याही राजसत्तेने वा मठाने दिलेला नव्हता. एका माणसाच्या वाणीवर लोकांचा जो विश्वास बसला, त्यातून तो आला. म्हणजे स्वतःच्या व्यासपीठाचा लोकोपकारासाठी वापर करण्याचे हे आधुनिक महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. तेव्हा प्रश्न असा की, या कीर्तनाची घडण आणि त्यातून उभा राहिलेला निधी यांचा परस्परसंबंध काय? कीर्तन हे केवळ गर्दी जमवण्याचे साधन होते आणि खरे काम नंतर होत होते, असे मानायचे, की कीर्तनाच्या रूपातच त्या कामाची बीजे होती? मला दुसरे मत ग्राह्य वाटते. ते मांडताना या व्यवस्थेतील काही अडचणीच्या जागाही नोंदवणे आवश्यक आहे. भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांनी त्या बहुधा झाकल्या आहेत.

उपलब्ध साधनांविषयी

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी लवकर गेले. बालपण दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात गेले. 1905 मध्ये त्यांनी घर सोडले आणि 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीनजीक प्रवासातच त्यांचे निधन झाले. या दोन तारखांच्या मधली पन्नासहून अधिक वर्षे ते गावोगाव कीर्तन करीत फिरले.

एवढ्या दीर्घ काळातील कीर्तनांपैकी आपल्या हाती प्रत्यक्ष शब्दशः काय आहे? 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत बांद्रा पोलीस स्टेशनच्या आवारात झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. बाकीचे जे आहे ते श्रोत्यांच्या आठवणींतून आणि चरित्रकारांच्या लेखणीतून आलेले. त्यात प्रबोधनकार ठाकरे यांचे 1952 मधील चरित्र महत्त्वाचे, कारण ते गाडगेबाबांच्या हयातीतले आहे. गो. नी. दांडेकरांनीही त्यांच्यावर लिहिले, आणि तेही सहवासाच्या आधारावर. तथापि प्रबोधनकारांचे गद्य स्वतःच एवढे घणाघाती आहे की, त्यातून येणारे कीर्तन कितपत गाडगेबाबांचे आणि कितपत प्रबोधनकारांचे हा विवेक वाचकालाच करावा लागतो. दांडेकरांच्या बाबतीत उलट अडचण आहे. त्यांच्या शैलीचा गोडवा बाबांच्या बोलण्यातील खरखरीतपणाला किंचित मऊ करतो.

म्हणून वाणीच्या घडणीविषयीचे निष्कर्ष प्रामुख्याने ध्वनिमुद्रणावर आधारावेत आणि कीर्तनाभोवतीच्या वर्तनाविषयीचे निष्कर्ष चरित्रांतील परस्परांशी जुळणाऱ्या नोंदींवर, अशी मर्यादा मी स्वीकारली आहे. त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ध्वनिमुद्रित कीर्तन एकाच प्रसंगाचे आहे, तेही महानगरातले आणि वक्त्याच्या एक्याऐंशीव्या वर्षातले. वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यात 1920 च्या आसपास झालेले कीर्तन हुबेहूब असेच असेल, असे म्हणता येणार नाही.

नारदाची गादी आणि गादीविना कीर्तन

कीर्तनकाराचे व्यासपीठ हे परंपरेने व्यक्तिगत नसते. नारदीय कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो ती नारदाची गादी. पूर्वरंगातील निरूपण आणि उत्तररंगातील आख्यान ही चौकट त्याला वारशाने मिळालेली असते. वारकरी कीर्तनात तर बंधने अधिक. संतांचा अभंग घ्यावा, त्याचे चरणागणिक विवरण करावे आणि टाळकऱ्यांच्या साथीने त्याचा समारोप करावा. दोन्ही प्रकारांत बोलणारा बदलला तरी गादी कायम राहते. श्रोते वंदन करतात ते गादीला.

गाडगेबाबांजवळ अशी गादी नव्हती. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि ज्यावरून नाव पडले ते मातीचे गाडगे. टाळमृदंगाची सोय नसेल तेथे दोन दगड एकमेकांवर आपटून ताल धरल्याचे चरित्रकार सांगतात. विवरणासाठी ठरलेला अभंग नाही. तुकाराम, कबीर यांची वचने ओघात येतात आणि जातात. आपला कोणी गुरू नाही आणि कोणी शिष्य नाही, असे ते उघड म्हणत. परंपरेने दिलेला अधिकार असा एकेक करून बाजूला ठेवल्यावर उरते ते केवळ त्या माणसाचे बोलणे. या अर्थाने त्यांचे व्यासपीठ खरोखरच ‘व्यक्तिगत’ होते, आणि म्हणूनच त्याच्या दुरुपयोगाचा धोकाही मोठा होता. गादीला परंपरेचा धाक असतो. एकट्या माणसाच्या लोकप्रियतेला तो नसतो.

हा धोका गाडगेबाबांनी कसा आवरला? येथे वारकरी परंपरेतील एक जुना नियम उपयोगी पडतो. जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, कपाळी बुक्का वा गळ्यात माळ घालून घेऊ नये, द्रव्य तर मुळीच स्वीकारू नये, अशा आशयाचा तुकारामांचा अभंग प्रसिद्ध आहे. व्यवहारात कीर्तनकारांनी हा नियम सोयीने विसरावा ही जुनीच तक्रार आहे (आजच्या बिदागीच्या आकड्यांविषयी न बोललेलेच बरे). गाडगेबाबांनी गादी नाकारली; हा नियम मात्र शब्दशः पाळला. ज्या गावी कीर्तन, तेथील यजमानाच्या पंगतीत ते बसत नसत. कोणाच्या तरी दारची चटणी-भाकर मागून खात. हार घेत नसत. पाया पडू पाहणाऱ्यावर काठी उगारीत. कीर्तन संपले की लोक भानावर येण्यापूर्वी ते गाव सोडून गेलेले असत. परंपरेतील अधिकार टाकून देणारा आणि परंपरेतील निर्बंध तेवढा उचलणारा असा कीर्तनकार दुसरा दाखवणे कठीण आहे.

खराट्याचा पूर्वरंग

चरित्रांतून वारंवार येणारे एक दृश्य असे. एक फाटका माणूस सकाळी गावात येतो आणि कोणाशी न बोलता रस्ते झाडू लागतो. कोणी त्याला वेडा समजते, कोणी हुसकावते. दुपारपर्यंत दोनचार जण झाडू घेऊन त्याच्यामागे लागतात. मग केव्हातरी गावाला कळते की, हे गाडगेबाबा आहेत आणि रात्री कीर्तन आहे. नारदीय परिभाषेत बोलायचे तर कीर्तनाचा पूर्वरंग सकाळीच सुरू झालेला असतो. त्यात शब्द मात्र नसतात. रात्री जो बोलणार आहे त्याने दिवसा काय केले हे श्रोत्यांनी पाहिलेले असते. त्याच्या बोलण्याचे प्रमाण श्रुतिस्मृतीत शोधावे लागत नाही. ते समोरच्या रस्त्यावर असते.

रात्रीच्या कीर्तनातील मुख्य साधन म्हणजे प्रश्न. ध्वनिमुद्रणात हे स्पष्ट ऐकू येते. गाडगेबाबा विधान क्वचित करतात. ते विचारतात, आणि समोरचा जमाव एका शब्दात उत्तर देतो. पुढचा प्रश्न त्या उत्तरावर बेतलेला असतो. देव किती, येथपासून प्रारंभ होतो आणि श्रोत्यांनी आपल्याच तोंडाने एक असे कबूल केल्यावर, मग तुमच्या गावात देवळे किती, खंडोबा कोण, भैरोबा कोण, असा उलटतपास सुरू होतो. छापील पाठात श्रोत्यांचे उत्तर एका शब्दाचे दिसते आणि वाचणारा ते सहज ओलांडून जातो. ऐकताना मात्र तो शब्द शेकडो कंठांतून येतो आणि त्यामागोमाग हसू येते. निष्कर्ष वक्ता सांगत नाही. श्रोत्यांना तो स्वतः उच्चारावा लागतो. एखाद्या वेळी प्रश्न फार बोचरा झाला, की बाबा मध्येच नामाचा गजर सुरू करतात. या गजराला भक्तीचा उमाळा म्हणून वेगळे काढणे मला योग्य वाटत नाही. तो या गद्यातील विराम आहे. ज्याला आताच आपल्या अज्ञानाची कबुली द्यावी लागली, त्याला तेवढ्यात मान वर करून टाळी वाजवण्याची उसंत मिळते.

सत्यनारायणाच्या कथेवरील त्यांचे भाष्य हे या तंत्राचे उत्तम उदाहरण. पोथीत साधुवाण्याची बुडालेली नौका प्रसादाने वर येते. मग महायुद्धात एवढ्या बोटी बुडाल्या, त्यांतली एखादी वर काढून दाखवा, असे आव्हान ते देतात. यात पोथीची निंदा नाही आणि विज्ञानाचा उपदेशही नाही. पोथीतील विधान ते अक्षरशः खरे मानून चालतात आणि त्याला व्यवहाराच्या वजनकाट्यावर ठेवतात.

कमी खर्चाचा उपदेश

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. निधी उभारणाऱ्या माणसाच्या बोलण्यात निधीची मागणी असावी, ही आपली स्वाभाविक अपेक्षा. अखेरच्या कीर्तनाचा विषय मात्र देणगी हा नाही. तेथे येणाऱ्या आणि चरित्रांत नोंदलेल्या उपदेशाची यादी करून पाहिली, तर एक गोष्ट आढळते. गाडगेबाबा ज्या ज्या गोष्टी करू नका म्हणतात, त्या सर्व खर्चाच्या आहेत: नवसाचा बकरा, दारू, कर्ज काढून घातलेल्या जेवणावळी, तीर्थयात्रा, सावकाराचा कागद. आणि ज्या करा म्हणतात त्यांना एक तर पैसा लागत नाही, किंवा लागलाच तर तो घरातल्या घरात वाचवून उभा करता येतो. झाडणे, खरे बोलणे, शिवाशीव न पाळणे यांना दमडी लागत नाही. मुलांच्या शिक्षणाला लागते. त्यासाठी जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, बायकोसाठी लुगडे स्वस्तातले घ्या, पण मुलाला शाळेत घाला, असा त्यांचा हिशेब आहे. या उपदेशात स्वतःच्या आयुष्याची सावली आहे. वडिलांचे व्यसन आणि सावकाराच्या कर्जापायी गेलेली मामाची जमीन, दोन्ही त्यांनी पाहिलेली होती. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तो त्यांचा पहिला जाहीर प्रयोग म्हणावा लागेल.

याचा अर्थ असा होतो की, कीर्तनासमोर बसलेल्या गोरगरिबाचा पैसा कीर्तनकाराला नको होता. तो त्याच्याच घरात राहावा, अशी सारी खटपट होती. धर्मशाळांसाठी लागणारा मोठा पैसा आला तो व्यापारी आणि सधन मंडळींकडून. म्हणजे या व्यासपीठाचे श्रोते दोन होते. गरिबांना उपदेश खर्च न करण्याचा. धनिकांना सांगणे असे की, अमुक ठिकाणी लोक उघड्यावर झोपतात, तेथे निवारा बांधा. मात्र धनिकांवर या शब्दाचा जो प्रभाव पडे, त्यामागे गरिबांनी दिलेला विश्वास होता. हजारोंचा समुदाय ज्याच्या प्रश्नाला एका स्वरात उत्तर देतो, त्याचा शब्द पेढीवरचा शेटजी सहसा मोडत नाही. लोकांचा विश्वास ही एक प्रकारची ठेव असून ती ज्याच्याजवळ जमा होते तो ती कोणासाठी वापरतो, यावर त्याची परीक्षा होते. गाडगेबाबांनी ती ज्यांच्याकडून आली त्यांच्यासाठीच वापरली. त्यांच्या व्यासपीठाचे नैतिक बळ मला येथे दिसते. त्यांच्या फाटक्या कपड्यांचा गौरव त्या मानाने आपल्याकडे फारच झाला.

पैशाला ते स्वतः हात लावीत नसत, ही आठवण सर्वत्र सांगितली जाते. पण विरक्तीचे लक्षण म्हणून सांगितली जाते. मला ती हिशेबाची शिस्त वाटते. संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे सोपवावा, स्वतःच्या कुटुंबीयांचा वा नातलगांचा त्यांवर कसलाही हक्क राहू नये, अशी त्यांची व्यवस्था होती. 1952 मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. निरक्षर समजल्या जाणाऱ्या या माणसाला कागदाचे महत्त्व पुरते कळले होते, कारण सावकाराच्या कागदाने घर कसे बुडते हे त्याने लहानपणी पाहिले होते.

त्यांच्या नावावर जी दशसूत्री प्रसिद्ध आहे तिच्या भाषेकडेही या दृष्टीने पाहता येईल. भुकेलेला, तहानलेला, उघडा, बेघर, रोगी, बेकार, मुकी जनावरे, निराश झालेले अशा प्रत्येकासमोर त्याची गरज ठेवलेली आहे. प्रत्येक सूत्रात ‘कोणाला’ आणि ‘काय’ एवढेच असते. क्रियापद नसते, आणि ‘कोणी’ हे पद तर कोठेच येत नाही. दात्याला व्याकरणातच जागा ठेवलेली नाही. ही शब्दयोजना अंतिम रूपात कोणाची, हा वेगळा प्रश्न. पण ती ज्याच्या नावावर रूढ झाली त्याच्या वर्तनाशी ती तंतोतंत जुळते.

तीर्थाला विरोध आणि तीर्थावर धर्मशाळा

येथे एक विसंगती समोर येते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तीर्थात देव नाही, देवळात देव नाही, असे आयुष्यभर सांगणाऱ्या गाडगेबाबांची कामे प्रामुख्याने कोठे उभी राहिली? पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू या तीर्थक्षेत्री. पूर्णाकाठच्या ऋणमोचनाच्या यात्रेसाठी त्यांनी घाट बांधवला. यात्रेला जाऊ नका म्हणायचे आणि यात्रेकरूंसाठी सोयी करायच्या, यातून यात्राच बळावणार नाही काय?

सोपे उत्तर असे दिले जाते की, ते व्यवहारी होते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कीर्तन आणि धर्मशाळा यांचे एकत्र वाचन केले, तर दोहोंचा रोख एकच असल्याचे दिसते. कीर्तन श्रोत्याची नजर मूर्तीवरून काढून घेते आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे वळवते. धर्मशाळा हेच दगडविटांनी करते. पंढरपुरात पोचूनही ते स्वतः विठ्ठलाच्या दर्शनाला जात नसत, यात्रेकरूंच्या वाटा झाडीत, असे चरित्रकार सांगतात. तीर्थात देव नाही; पण तीर्थात माणसे मात्र येतात, आणि ती पावसात भिजतात. पहिले विधान कीर्तनाचे, दुसरे धर्मशाळेचे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील सिद्धान्त उत्तररंगातील आख्यानाने पटवून देतात. गाडगेबाबांच्या कीर्तनाला आख्यान नाही, त्याची जागा धर्मशाळेने घेतली आहे.

हे मान्य केले तरी पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेपाशी थांबावे लागते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना अन्य धर्मशाळांत थारा नव्हता, म्हणून ती बांधली गेली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले. त्याच्या कितीतरी आधी या यात्रेकरूंच्या डोक्यावर छप्पर आले होते. तरीही प्रश्न राहतो. कीर्तनात जात नाकारायची आणि निवारा मात्र वेगळा बांधायचा, यात वेगळेपणाला एक प्रकारची मान्यता मिळत नाही काय? मिळते, असेच मला वाटते. व्यासपीठावरून जे निखळपणे बोलता येते ते बांधकामात उतरवताना समाजाच्या तत्कालीन भिंतींशी तडजोड करावी लागते, आणि ती येथे झालेली आहे. गौरवग्रंथ या तडजोडीचा उल्लेख करीत नाहीत. परंतु पुढे हीच वास्तू गाडगेबाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे शिक्षणकार्यासाठी सोपवली. ज्या वास्तूचा हेतू वेगळेपणामुळे निर्माण झाला, तो हेतूच बदलून टाकण्याचा हा निर्णय होता. आपण बांधलेल्या कामावर आपला हक्क नाही, हे तत्त्व केवळ नातलगांना नव्हे तर स्वतःलाही लावल्याचे हे प्रमाण मानावे लागेल.

दुसरी अडचणीची जागा घरातली आहे. खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांना एकुलता मुलगा गेल्याची वार्ता कळली आणि तरीही कीर्तन थांबले नाही, ही हकिकत चरित्रांतून मोठ्या अभिमानाने येते. ती वाचताना डोळे भरून येतात, हे खरे. पण समीक्षकाने आणखी एका व्यक्तीचा विचार केला पाहिजे. त्या मुलाची आई, कुंताबाई, त्या वेळी काय करीत होती? घर सोडण्याचा निर्णय तिचा नव्हता. धर्मशाळांवर कुटुंबाचा हक्क नाही, हा निर्णयही तिने घेतलेला नव्हता. तिने तो निभावला. आपल्या चरित्रवाङ्मयाने त्यागाची बेरीज नेहमी एकाच नावावर केली आहे. गाडगेबाबांचा हिशेब पैशाच्या बाबतीत चोख होता. या बाबतीत तो उधारीचा राहिला, असे म्हणणे त्यांचा अवमान ठरू नये.

रंगभूमीवरील दोन तुलना

1977 मध्ये राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबांची भूमिका केली. उघडपणे निरीश्वरवादी असलेल्या नटाने ती करावी यात विसंगती नव्हतीच. पण पुढील दशकात जे घडले ते अधिक बोलके आहे. सामाजिक कार्याला पूर्ण वेळ वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्याचे ठरले. त्यात डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्याबरोबर डॉ. लागू आणि निळू फुले होते, आणि या निधीसाठी नामवंत नटसंचातील आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग ठिकठिकाणी झाले.

नाटकाची निवड लक्षणीय आहे. ‘लग्नाची बेडी’ हे विनोदी नाटक; त्यात कार्यकर्त्यांच्या हलाखीचा संबंध नाही. नटांनी आपली लोकप्रियता निधीला दिली, नाट्यसंहितेला मात्र प्रचाराचे ओझे वाहायला लावले नाही. प्रेक्षकाने तिकिटाच्या मोबदल्यात निखळ करमणूक घेतली आणि पैसा दुसरीकडे गेला. गाडगेबाबांकडे आशय आणि उपकार एकमेकांत विणलेले होते. येथे ते जाणीवपूर्वक वेगळे ठेवले गेले. माझ्या मते कलेच्या दृष्टीने दुसरी वाट अधिक सुरक्षित आहे, कारण तीत कला लाचार होत नाही. तिची मर्यादा अशी की, प्रेक्षक घरी जाताना बदललेला असेलच असे नाही. गाडगेबाबांचा श्रोता काही देत नसे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातात झाडू असण्याची शक्यता होती.

पु. ल. देशपांडे यांची तऱ्हा तिसरी. एकपात्री प्रयोगांतून आणि लेखनातून आलेल्या पैशातून त्यांनी व सुनीताबाईंनी प्रतिष्ठान उभारले आणि त्यातून संस्थांना साहाय्य केले. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झाले, त्यामागे अनिल अवचटांच्या गर्दविषयीच्या लेखनाने अस्वस्थ झालेल्या या वाचकाची देणगी होती. येथे व्यासपीठावरून मागणे नाहीच. प्रयोग संपल्यावर घरी बसून केलेला हिशेब आहे. एका लेखकाच्या शब्दाचा दुसऱ्या लेखकावर झालेला परिणाम म्हणूनही ही घटना स्वतंत्र अभ्यासाला योग्य आहे.

नावाचा वापर

2000-01 मध्ये महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी त्यासाठी घेतलेली मेहनत आणि अनेक गावांत झालेला पालट नाकारण्याचे कारण नाही. अमरावती विद्यापीठालाही पुढे त्यांचे नाव मिळाले. मात्र या प्रक्रियेत काय उचलले गेले आणि काय वगळले गेले, हे पाहण्यासारखे आहे. खराटा उचलला गेला. सत्यनारायणावरचा प्रश्न, कर्ज काढून केलेल्या लग्नावरचा प्रश्न, दात्याचे नाव पुसणारी शिस्त हे सारे मागे राहिले. अभियानात गावांसाठी बक्षीस होते. ज्याच्या नावाने ते दिले गेले तो कीर्तनानंतर हारही न घेता निघून जाई. आपल्या महाविद्यालयांतही 23 फेब्रुवारीला परिसर झाडला जातो, छायाचित्रे निघतात आणि अहवाल जातो. अखेरच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण त्या दिवशी वर्गात ऐकवले गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मराठीच्या अभ्यासक्रमात मौखिक वाङ्मयाचे घटक आहेत. संवादतंत्र, बोली, श्रोतृसहभाग या संकल्पना शिकवण्यासाठी याहून जिवंत पाठ कोणता मिळणार? वऱ्हाडी बोलीतील ते प्रश्न ऐकताना विद्यार्थी प्रथम हसतात की गप्प होतात, एवढे पाहण्यासाठी तरी तो लावून पाहावा.

धर्मशाळांच्या जागांचा क्रमही अशाच वाचनात समाविष्ट करण्याजोगा आहे. प्रारंभीच्या धर्मशाळा तीर्थक्षेत्री आहेत. पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली, आणि गाडगेबाबांच्या पश्चात दादर येथील धर्मशाळेने कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना आसरा दिला. यात्रेकरू तोच आहे, खेड्यातून वळकटी घेऊन आलेला; फक्त तो आता चंद्रभागेकडे नव्हे, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेकडे निघालेला असतो.